शाईची बाटली आधी, पेन नंतर

कॉमिक काढायचं तर जपानी निब किंवा परदेशी पेनच लागतं, आणि वाशिमला ते मिळत नाही म्हणून घोडं अडलंय, असं चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली मुलं सांगतात. याच जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांत जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. आपल्याकडे अशा पोथ्या बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहीत. काजळ म्हणजे कार्बन, आणि तो उन्हाने विटत नाही. टिकतं ते शाईमुळे. बोरू तर बांधावरही मिळायचा.

‘काळी शाई कुठलीही चालते’ हा त्याहून महागात पडणारा गैरसमज. फाउंटन पेनच्या शाईत सहसा विरघळणारा रंग असतो. वरून जलरंग फिरवला की ती पसरते, उन्हात फिकी पडते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाईत कार्बनचे कण आणि लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. वाळली की ती हलत नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचीही अशी बाटली मिळते. मात्र ती फाउंटन पेनमध्ये भरू नका, पेन कायमचं तुंबेल. तिला टाक किंवा कुंचलाच हवा. नव्या निबवर शाई थांबत नसेल तर निब खराब नसते. गंज चढू नये म्हणून लावलेला तेलाचा थर टूथपेस्टने घासून काढावा.

‘परमानंट’ मार्कर पाण्याने जात नाही, एवढंच. उन्हात तो फिका पडू शकतो, कागदाच्या मागेही उतरतो. शंका असेल तर कागदाच्या पट्टीवर रेघा ओढा, अर्धी पट्टी झाका आणि खिडकीत ठेवा. वैशाखातलं वाशिमचं ऊन फुकट आहे!

बारीक रेषेला शून्य-शून्य नंबरचाच ब्रश हवा, हेही खरं नाही. एवढ्याशा ब्रशमध्ये शाई मावत नाही. रेषा अर्ध्यातच सुकते. दोन नंबरच्या गोल ब्रशचं टोक चांगलं असेल तर केसाएवढी रेषा निघते आणि दाबला की जाड होते. बाळासाहेब ठाकरेंच्या व्यंगचित्रांतला जोर कुंचल्याच्या अशाच जाड-बारीक फटकाऱ्यांत आहे. फाइनलायनर ते करू शकत नाही. त्याच्यावरचे आकडेही फसवे: पिग्मा मायक्रॉनच्या ०५ ची रेषा ०.४५ मिलिमीटरची, ०१ ची ०.२५. चौकटी आणि संवादांची अक्षरं यांसाठी तो उत्तम. माणसं मात्र कुंचल्याने काढावीत, असं माझं मत.

उन्हाळ्यात पंख्याखाली निबवरची शाई बघता बघता सुकते. शेजारी पाण्याची वाटी आणि सुती फडकं ठेवा, निब अधूनमधून बुडवून पुसा. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटली, तर पेन बदलण्याआधी गुळगुळीत आयव्हरी शीट घेऊन बघा.