मँचेस्टरच्या भिंती काय सांगतात?

इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. अहमदाबादला एके काळी भारताचे मँचेस्टर म्हणत. ज्या शहराचे नाव असे पदवीसारखे वापरले गेले, त्या मूळ मँचेस्टरची धुराडी मात्र केव्हाच थंड झाली आहेत. लंडनच्या वायव्येला सुमारे २६० कि.मी.वर असलेल्या या शहरात आज प्रवासी येतात ते गिरण्या पाहण्यासाठी नव्हे, तर गिरण्यांनी मागे ठेवलेले पाहण्यासाठी. ते पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भूमितीत आपण आरंभबिंदू निश्चित करतो, तसा शहराच्या मध्यभागी एक बिंदू घ्यावा आणि त्याभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे.

आपला आरंभबिंदू आहे मिडलंड हॉटेल. एका रेल्वे कंपनीने आपल्या स्थानकाशेजारी बांधलेले हे भव्य हॉटेल १९०३ साली उघडले. पुढच्याच वर्षी, ४ मे १९०४ रोजी, चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस यांची पहिली भेट येथे झाली आणि त्यातून पुढे प्रसिद्ध मोटारगाडी जन्मली. पण आपण आत जाण्याची घाई करू नये. बाहेरची भिंतच अधिक बोलकी आहे. तिच्यावर झिलईदार ग्रॅनाइट आहे, भाजलेल्या मातीचे नक्षीकाम आहे आणि चिनी मातीच्या बरणीसारखी चकाकी दिलेल्या फरशा आहेत. राजवाड्याला शोभेल अशा इमारतीला स्नानगृहासारख्या फरशा कशासाठी? उत्तर हवेत होते.

दगडी कोळशात थोडे गंधक असते. कोळसा जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो आणि ऑक्सिजन व बाष्प यांच्या साह्याने त्याचे सल्फ्यूरिक आम्ल बनते. पावसाबरोबर ते खाली येते. चुनखडीच्या दगडावर पडले की दगडातील कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम होते. ते ठिसूळ असते. पापुद्रे सुटतात आणि काजळी त्यात घर करते. चकाकीदार फरशीला छिद्रे नसतात, आम्ल तिच्यात मुरत नाही आणि काजळी पाण्याने धुऊन निघते.

हे घरी करून पाहता येईल. शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि चकाकी असलेल्या फरशीचा एक तुकडा घ्या. दोन्हींवर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने तिच्यावर बारीक बुडबुडे दिसतील आणि पुसल्यावर डाग राहील. दुसरी तशीच राहील. (फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नका. तो बहुधा जिप्समचाच असतो, म्हणून बुडबुडे येत नाहीत आणि मग शिक्षकांची पंचाईत होते!)

या पावसाचा पहिला पद्धतशीर अभ्यासही मँचेस्टरमध्येच झाला. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने पावसाचे पाणी गोळा करून १८५२ मध्ये दाखवून दिले, की शहराच्या जवळ जावे तसा पाऊस अधिक आम्लधर्मी होतो. ‘आम्लवर्षा’ या अर्थाचा शब्द त्याने १८७२ सालच्या ग्रंथात वापरला. भिंतींचे नुकसान डोळ्यांना दिसत होते. माणसांचे अधिक होते. काजळीने छाती भरे, आणि धुराच्या पडद्यामुळे सूर्याचे अतिनील किरण अडत. त्वचेत ड जीवनसत्त्व बनायला तेच किरण लागतात. धुरकट शहरांतील मुलांमध्ये मुडदूस सर्रास आढळे. सुताच्या प्रत्येक कांडीची ही न छापलेली किंमत होती.

हॉटेलसमोरच्या सेंट पीटर चौकाला आणखी एक स्मृती आहे. मताधिकारासाठी येथील मैदानात जमलेल्या हजारो लोकांवर १६ ऑगस्ट १८१९ रोजी घोडेस्वार सोडण्यात आले आणि अनेक माणसे मेली. चौक ओलांडून दोन-अडीचशे मीटर गेले, की १८७७ साली उघडलेली नगरभवनाची इमारत लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी ती २०१८ च्या जानेवारीत बंद करण्यात आली, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. तिच्या प्रवेशदालनात दोन पुतळे समोरासमोर बसवलेले आहेत. एक गुरू, एक शिष्य. एवढी एकच गोष्ट पाहायला मिळणार असेल, तरी मी हे शहर गाठीन.

गुरू म्हणजे जॉन डाल्टन. हा शिक्षक १७९३ मध्ये मँचेस्टरला आला. मँचेस्टर पावसाळी गाव. दमट हवेत कापसाचा धागा कमी तुटतो, म्हणून गिरणीवाल्यांना ती हवा आवडे. डाल्टनला तिचे कोडे पडले. हवेत पाण्याची वाफ राहते तरी कशी? त्याने ५७ वर्षे रोज हवामानाची नोंद केली. वाफ आणि इतर वायू एकमेकांत मिसळूनही आपापला दाब वेगळा देतात, हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्या विचारातून तो अणूंच्या तुलनात्मक वजनांकडे वळला. तुमच्या पुस्तकातील अणुवादाचे मूळ अशा रीतीने पावसात आहे. डाल्टनला रंग नीट ओळखता येत नसत आणि त्याविषयी त्याने १७९४ मध्ये निबंध वाचला होता. त्याच्या इच्छेनुसार डोळे जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यांतील डीएनए तपासून त्याच्या रंगांधत्वाचा नेमका प्रकार ठरवण्यात आला. मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी हे उत्तर मिळाले!

शिष्य म्हणजे जेम्स प्रेस्कॉट जूल. शेजारच्या सॅलफर्डमधील बिअरच्या कारखानदाराचा हा मुलगा. वाफेच्या एंजिनाऐवजी विजेची मोटर वापरली तर स्वस्त पडेल काय, हा त्याचा सुरुवातीचा प्रश्न अगदी व्यापारी होता. त्यातून तो उष्णता आणि कार्य यांच्या हिशेबाकडे वळला. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यातील वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते अतिशय सूक्ष्म तापमापकाने मोजले. आजच्या एककांत सांगायचे, तर १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १° से.ने वाढवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेत तेच पाणी सुमारे ४२७ मीटर उंच चढवता येईल. (४१८६ ला ९.८ ने भागून पाहा.) उलट पाहिले, तर १०० मीटरच्या धबधब्याचे पाणी तळाशी पाव अंशही तापत नाही. जूलला एवढी नाजूक मोजणी का करावी लागली, ते यावरून कळेल.

नगरभवनापासून थोड्या अंतरावर सेंट ॲन चर्च आहे. त्याच्या वाचनगृहात २८ एप्रिल १८४७ रोजी जूलने आपला सिद्धान्त सामान्य श्रोत्यांना समजावला, आणि ते व्याख्यान स्थानिक वृत्तपत्रात छापून आले. ऊर्जेची अक्षय्यता लोकांपुढे अशी आली.

चर्चला लागूनच रॉयल एक्स्चेंज आहे. येथे कापूस आणि सुताचे सौदे होत. १९६८ मध्ये सौदे थांबले आणि १९७६ पासून त्या प्रचंड दालनात नाट्यगृह आहे. पण शेवटच्या दिवसाचे भाव वरच्या फलकावर तसेच ठेवलेले आहेत. महाराष्ट्रातील वाचकाने त्या फलकाखाली क्षणभर थांबावे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस येईनासा झाला. मँचेस्टरच्या परिसरातील गिरणी कामगारांच्या चुली विझल्या. इकडे हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला. उपासमार सोसूनही गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या मँचेस्टरच्या कामगारांना लिंकनने १८६३ मध्ये पत्र लिहिले होते. लिंकनचा पुतळा जवळच्याच एका चौकात आहे.

तेथून डीन्सगेट या रस्त्याने परत वळले, की जॉन रायलंड्स ग्रंथालय लागते. एका कापड व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने ते बांधले आणि १९०० साली ते वाचकांना खुले झाले. गॅसच्या दिव्यांची काजळी ग्रंथांवर बसू नये म्हणून येथे पहिल्यापासून विजेचे दिवे होते, आणि बाहेरची हवाही गाळून आत घेतली जाई. धुरावर मिळवलेल्या पैशाने धुरापासून पुस्तके वाचवली, असा हा प्रकार आहे.

वर्तुळाच्या कडेला लिव्हरपूल रोडवर विज्ञान आणि उद्योग संग्रहालय आहे. प्रवेशमूल्य नाही. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचे मूळ स्थानक याच आवारात उभे आहे. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघायला अजून २३ वर्षे होती. साठवलेल्या सूचनांवर २१ जून १९४८ रोजी पहिल्यांदा चाललेल्या, ‘बेबी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मँचेस्टरच्या संगणकाची प्रतिकृतीही या संग्रहालयाकडे आहे. त्याच्यामागे कॅसलफील्ड येथे कालवे मिळतात. १७६१ मध्ये सुरू झालेला ब्रिजवॉटर कालवा पुढे येथवर आला, तो केवळ एका उमरावाच्या खाणीतला कोळसा आणण्यासाठी. सावकाश सरकणाऱ्या नावेला पाण्याचा विरोध फार थोडा असतो. गाडीत ओढता येईल त्याच्या दहापटींहून अधिक माल एक घोडा कालव्यातून ओढी. कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. हॉटेलच्या भिंतीवरची काजळी शहरात शिरली ती या वाटेने.

एका वस्तूसाठी मात्र वर्तुळाबाहेर, सुमारे दीड किलोमीटर दक्षिणेला, विद्यापीठाच्या मँचेस्टर संग्रहालयापर्यंत गेले पाहिजे. त्याच्या कीटकसंग्रहात ठिपकेदार पतंग आहेत. मूळ जात पांढुरकी, शेवाळलेल्या खोडावर न दिसणारी. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ तिच्यातील एका काळ्या पतंगाची नोंद झाली, आणि शतक संपता संपता येथे शंभरात सुमारे ९८ पतंग काळे झाले होते. काजळलेल्या खोडांवर पांढरे पतंग पक्ष्यांना चटकन दिसत आणि काळे सुटत. हा काळा रंग कशाने आला, ते २०१६ मध्ये उलगडले : ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसला होता, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तो १८१९ च्या सुमारास घुसला असावा. १९५२ मध्ये शहराच्या मध्यभागी धूरबंदी लागू झाली, १९५६ मध्ये देशभरासाठी स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि खोडे हळूहळू उजळली. आता तेथे काळा पतंग क्वचितच आढळतो.