हिमात पेटलेली शेगडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घराच्या परसात लोणारी कोळशावर वा लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस शिजविण्याची जी रीत आहे, तिला तेथे ‘बार्बेक्यू’ म्हणतात. रीत मूळची उबदार दक्षिणेतली आणि तिचा हंगामही उन्हाळ्याचा. तथापि विस्कॉन्सिन, मिनेसोटा यांसारख्या उत्तरेकडील राज्यांतही तिने घर केले असून, परसात गुडघाभर हिम साचले असतानाही तेथील हौशी लोक ती सोडीत नाहीत. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या गावी फुटबॉलच्या सामन्यापूर्वी मैदानाच्या वाहनतळावर शेगड्यांच्या रांगा पेटतात आणि जर्मन वसाहतकऱ्यांनी आणलेली ‘ब्राटवुर्स्ट’ नावाची सॉसेजे त्यांवर भाजली जातात. हे मैदान कसे, तर ३१ डिसेंबर १९६७ रोजी तेथे सामना सुरू झाला तेव्हा पारा शून्याखाली सुमारे २५ अंश सेल्सिअसवर होता. अशा हवेत चूल पेटवून मांस शिजविणे हे केवळ वेड आहे की त्यामागे काही शास्त्र आहे, हे पाहण्यासारखे आहे.

सॉसेज किंवा मांसाचा पातळ तुकडा प्रखर निखाऱ्यावर भाजावयाचा असेल तर थंडीने फारसे बिघडत नाही. काम पाव घटकेत उरकते. कसोटी लागते ती धुरीच्या मांसाला. बैलाच्या छातीचा, ‘ब्रिस्केट’ नावाचा भाग घ्या. तो सतत श्रम करणारा स्नायू असल्यामुळे अतिशय चिवट असतो. त्यातील तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे द्रव्य मंद उष्णतेत, फार सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि मगच ते मांस सुरीखाली लोण्यासारखे कापले जाते. त्यासाठी झाकणाच्या शेगडीत ११० ते १२० अंशांची आच दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, एकसारखी राखावी लागते. आच वाढली तर मांस कोरडे पडते, उतरली तर रात्र उलटली तरी शिजत नाही.

आता थंडी येथे काय करते? शेगडीच्या पत्र्यातून किती उष्णता निसटते हे आतल्या व बाहेरच्या तापमानांतील अंतरावर ठरते. आत ११० अंश आणि बाहेर उन्हाळ्यातील ३० अंश असतील तर अंतर ८० अंशांचे. बाहेर शून्याखाली २० अंश असतील तर तेच अंतर १३० अंशांचे होते, म्हणजे नुकसान दीडपटीहून अधिक. तेवढा कोळसा जादा लागणार, एवढाच याचा अर्थ. उलट थंड हवा जड आणि आतली हवा हलकी असल्यामुळे धुराड्याची ओढ हिवाळ्यात अधिक जोरकस असते. विस्तव सहसा गुदमरत नाही. गॅसच्या शेगडीचे मात्र कडक थंडीत हाल होतात. टाकीतील द्रवरूप प्रोपेनची वाफ कमी होते आणि ज्योत मलूल पडते.

म्हणून खरा शत्रू थंडी नव्हे, वारा आहे. वारा पत्र्यालगतची उबदार हवा क्षणोक्षणी ओढून नेतो आणि झडपांतून आत घुसून निखाऱ्यांना कधी फुलवितो, कधी राखेने माखून टाकतो. १९५२ साली शिकागोजवळ राहणारा जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ याच वाऱ्याला कंटाळला होता. तो ज्या कारखान्यात कामाला होता तेथे जलमार्ग दाखविणारे पोलादी बोये तयार होत. त्याने असाच एक पोकळ गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचे झाकण केले. आज जगभर दिसणारी गोल झाकणाची शेगडी ती हीच. हिवाळ्यात हे झाकण म्हणजे शेगडीची घोंगडीच होय. ते एकदा उचलले की साठविलेली ऊब उडून जाते आणि ती पुन्हा भरून येण्यास उन्हाळ्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. म्हणून जाणते लोक शेगडी भिंतीपासून सुरक्षित अंतरावर, पण वाऱ्याच्या आडोशाला ठेवतात, मांसात तापमापकाची सळई आधीच खोचून ठेवतात आणि झाकणाला हात लावीत नाहीत.

हात न लावणे हे सांगण्याइतके सोपे नाही. मांसाचा गाभा सुमारे ६५ ते ७५ अंशांपर्यंत पोहोचला की पारा एकाएकी अडतो आणि तासन् तास हलत नाही. नवख्याला वाटते, विस्तव विझला. वस्तुतः आपल्या घरातील माठात जे घडते तेच येथे घडत असते. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. मांसही असेच घाम गाळीत असते. ग्रेग ब्लाँडर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने शेगडीत ओला स्पंज ठेवून पाहिला, तर तोही असाच अडून बसला. चरबीचा नुसता गोळा मात्र न थांबता तापत गेला. पृष्ठभाग पुरेसा वाळला की पारा आपोआप चढू लागतो आणि ९३ ते ९५ अंशांच्या आसपास मांस तयार होते. येथे घड्याळ पाहून चालत नाही, तापमापकच पाहावा लागतो. कोंबडीच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे. तिचा सर्वांत जाड भाग ७४ अंशांना पोहोचल्याखेरीज ती पानात वाढू नये.

धुरीविषयी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. बार्बेक्यूची धुरी स्वादासाठी असते, टिकविण्यासाठी नव्हे. गोव्याचे चोरिस महिनोन् महिने टिकतात ते मीठ, व्हिनेगर, मिरची आणि वाळवणीच्या बळावर. नुसत्या धुरीवर शिजलेले मांस इतर कोणत्याही शिजल्या मांसाप्रमाणे लवकर खावे लागते किंवा शीतपेटीत ठेवावे लागते. बाहेर हिम आहे म्हणून ते अंगणातच ठेवणे धोक्याचे. दुपारच्या उन्हात तेथील तापमान कुठल्या कुठे जाते, शिवाय कुत्र्यामांजरांची सोय होते ती वेगळीच.

धुरीच्या मांसाचा तुकडा कापला की कडेला गुलाबी रंगाची एक किनार दिसते. जाणकार तिची वाखाणणी करतात. मांसाला लाल रंग देणारे मायोग्लोबिन नावाचे द्रव्य धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड या वायूंशी घट्ट बांधले जाते, म्हणून तो रंग शिजल्यावरही टिकतो. पण मायोग्लोबिनचे सख्खे भावंड, हिमोग्लोबिन, आपल्या रक्तात आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यालाही तितक्याच आवेगाने मिठी मारतो. प्राणवायूपेक्षा त्याची ही ओढ दोनशे पटींहून अधिक असते. बांधलेले रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, आणि माणूस श्वास घेत असतानाच आतून गुदमरतो.

हिवाळी बार्बेक्यूतील जीवघेणा भाग हा आहे. पारा अडला आहे, रात्र झाली आहे, बोटे बधिर झाली आहेत. अशा वेळी शेगडी ओढून गॅरेजमध्ये घ्यावी, दार थोडे उघडे ठेवले की झाले, असा मोह होतो. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबून निदान इशारा तरी देतो. फुललेल्या कोळशाला धूर नसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि राखेची साय धरलेला निखारा तो कित्येक तास सोडीत राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर हिमवादळ कोसळून लक्षावधी घरांची वीज गेली, तेव्हा ऊब मिळावी म्हणून कोणी कोळशाच्या शेगड्या घरात घेतल्या, कोणी बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली, कोणी दाराशी जनित्र लावले. हजाराहून अधिक लोकांना या विषबाधेवर उपचार घ्यावे लागले आणि कित्येक दगावले. बार्बेक्यूचे माहेरघर म्हणविणाऱ्या प्रांतात हे घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनीही हा मजकूर परका मानू नये. ग्वाल्हेरकडे व त्याहून उत्तरेस पौष-माघाच्या रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची सिगडी ठेवण्याची चाल आहे, आणि सकाळी दार फोडावे लागल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतच असतात. डोके जड होणे, भोवळ, मळमळ, हातापायांतील त्राण जाणे ही पहिली लक्षणे होत. साधी सर्दी किंवा जागरणाचा शीण समजून मनुष्य पांघरूण ओढून घेतो आणि तेथेच घात होतो. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागले, तर कारण शोधीत न बसता सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे व मग डॉक्टरांना बोलवावे. निजण्यापूर्वी सिगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे.

विस्कॉन्सिनमधील हौशी मनुष्य मांस उतरविल्यावर शेगडीच्या वरखालच्या सर्व झडपा आवळून बंद करतो आणि तिला तशीच हिमात सोडून घरात येतो. मांस जाड कागदात व टॉवेलात गुंडाळून तासभर मुरत ठेवले जाते. कापण्याची घाई केली तर रस ताटात वाहून जातो. शेगडीची राख दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्याची खात्री करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरली जाते आणि तो डबा घरापासून दूर ठेवला जातो. ती नुसत्या लाकडाची असेल, तर दारापुढील बर्फाळ वाटेवर पसरतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय घसरत नाही.