परिचारिकांचे वेतन व प्रवासखर्च

मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छिते असे कळले, म्हणजे वडवणीसारख्या गावी घरात पहिला प्रश्न निघतो तो शुश्रूषेचा नव्हे, पैशाचा. वेतन काय मिळणार, आणि इतक्या लांब जाण्यायेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? हे विचारणाऱ्या पालकांस कोणी लोभी म्हणू नये. विलायतेहून परिचारिका वसाहतींत धाडल्या जात, त्या काळीही सारा व्यवहार याच दोन कलमांभोवती फिरत असे.

हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या इस्पितळांसाठी शिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी सन १८८८ च्या मार्च महिन्यात मुंबई बंदरी उतरली. कॅथरिन लॉक या तिच्या प्रमुखांपैकी एक होत्या. पुढे सन १८९६ त मेबल पिगट या बाईंच्या पुढाकाराने इंग्लंडात ‘कलोनियल नर्सिंग असोसिएशन’ ही संस्था निघाली. या बाई मॉरिशस बेटात राहिल्या होत्या, व तेथे आजाऱ्याजवळ बसावयास एकही शिकलेली परिचारिका नसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. संस्था परिचारिका निवडून देई; वेतन मात्र ज्या वसाहतीत ती जाई तेथील सरकार किंवा स्थानिक मंडळी देत.

आता कराराकडे वळू. वसाहतींच्या नोकरीत सामान्यतः जहाजाचे भाडे सरकार भरी. बोटीवर पाऊल ठेवल्यापासून अर्धे वेतन सुरू होई, व नेमल्या ठिकाणी पोहोचल्यावर पुरे. राहावयास जागा मिळे. हे सर्व ऐकावयास गोड आहे; परंतु खरी मेख पुढेच होती. मुदत भरण्यापूर्वी नोकरी सोडल्यास भाड्याची रक्कम परत करावी लागे. आणि विवाह केला तर नोकरी सोडणे भागच पडे. म्हणजे ज्यास फुकट प्रवास म्हणत ते वस्तुतः कर्ज होते, व ते रुपयांनी न फेडता सेवेच्या वर्षांनी फेडावयाचे होते. सरकारच्या बाजूने पाहता यात अन्याय नव्हता, कारण एका जागेसाठी दर वर्षी नवे भाडे भरणे कोणत्याही तिजोरीस परवडले नसते. तथापि सही करणाऱ्या तरुणीस हा अर्थ आधी कळणे अवश्य होते.

आमच्या इकडील मुलींस जहाजाचे भाडे कोण देणार? त्यांची वाट घरापासूनच सुरू होई. सन १८९१ त ठाण्याच्या काशीबाई गणपत या मुंबईच्या कामा इस्पितळात शिकावयास गेल्या. सन १८९७ त मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली, आणि पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून इस्पितळात स्त्रियांना या शिक्षणासाठी धाडले. मुलीस एकटी पाठविण्याची रीत नसल्यामुळे भाडे एकीचे नसे. पोहोचवावयास बाप किंवा भाऊ जाई, आणि त्याच्या परतीचे तिकीट हा खर्च कोणत्याही नियमपत्रात लिहिलेला नसे!

बीड जिल्हा सन १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वडवणीस त्या काळी रेल्वे नव्हती. बैलगाडीने वा मोटारीने जालना गाठावयाचे, आणि मनमाडास रुंद रुळांच्या गाडीत बसून मुंबईस जावयाचे. त्यातून नाण्याचा घोटाळा. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. हालीचे सात म्हणजे कलदाराचे सहा. तेव्हा ‘पस्तीस रुपये पगार’ असे कोणी सांगितले, तर आकडा हालीचा असल्यास हाती कलदार तीसच पडत. शाळेतील त्रैराशिकाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाही.

प्रवासाचे भाडे मिळाले तरी प्रवासाचा धोका कोणी वाटून घेत नाही. ता. १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मोंबासाहून कोलंबोस जाणारे ‘खेदिव इस्माईल’ हे जहाज जपानी पाणबुडीने बुडविले. त्यावर अनेक परिचारिका होत्या. जहाजावरील ८३ स्त्रियांपैकी ६ वाचल्या. आणि देशात तर परिचारिकांची वाण होती. भोर समितीने सन १९४६ त दिलेल्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक.

आज आपल्या मुली आखाती देशांत व विलायतेस जातात. प्रवासाची दिशा उलटली, प्रश्न तेच राहिले. सन २०१५ पासून भारत सरकारने आखाती देशांसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांस सरकारी परवानगी आवश्यक केली, व त्यांची भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी असे ठरविले. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या दलालास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, असाही नियम आहे. याहून अधिक मागणी झाली, तर शेत गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी दलालाची नोंदणी तपासावी. मग करारपत्रात तीन गोष्टी शोधाव्यात: जाण्याचे व परतीचे तिकीट कोण देणार, राहण्याच्या जागेचे पैसे वेतनातून कापणार काय, आणि मुदतीपूर्वी परतावे लागल्यास किती रक्कम भरावी लागेल. हे तिसरे कलम बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असते.