चकवा लागतो, हे खरं आहे

वर्धा जिल्ह्यात अल्लीपूरकडच्या शिवारात जागलीला जाणाऱ्या कोणालाही विचारा, चकव्याची एक तरी गोष्ट निघतेच. माणूस रात्री जेवून घरून निघतो. पांदण रोजची, वावर बापजाद्यांचं. पण चाल चाल चालूनही वावर काही येत नाही. तोच धुरा, तीच बाभूळ पुन्हा पुढ्यात. कोंबडा आरवतो तेव्हा कळतं, की आपण गावापासून हाकेच्या अंतरावरच रात्रभर घिरट्या घालत होतो. सांगणारा दारू पीत नसतो. निदान गोष्टीच्या सुरुवातीलाच तो तसं बजावून सांगतो.

शिकलेला माणूस इथे हसतो. या एका बाबतीत मात्र सांगणारा बरोबर आहे आणि हसणारा चूक.

जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत काम करणारे यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगाला लावली. काही जणांना एका सपाट, घनदाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस यंत्र होतं, त्यामुळे पावलापावलाची नोंद झाली. सहा जण काही तास चालले. दोघांच्या वेळी ऊन होतं. ते जवळजवळ सरळ गेले. चौघांच्या वेळी आभाळ भरलेलं होतं आणि ते चौघेही गोल फिरले. त्यातले तिघे तर स्वतःचीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. पुढे ट्युनिशियाच्या वाळवंटात एकाला चांदण्या रात्री चालायला लावलं. चंद्र होता तोवर गडी सरळ. चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या वाटेला लागला. २००९ साली हे सगळं ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आलं.

कारणाचा शोध घेताना त्यांनी डोळे बांधूनही माणसं चालवली. काहींची वर्तुळं अवघ्या वीस मीटर व्यासाची निघाली, म्हणजे मोठ्या वाड्याच्या अंगणाएवढी. एक पाय आखूड किंवा कमजोर असतो म्हणून माणूस वळतो, असं पूर्वी सांगत. तसं असतं तर माणूस कायम एकाच अंगाला वळायला हवा. प्रत्यक्षात तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. खोट पायात नव्हतीच. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव, स्नायू आणि सांधे मेंदूला ‘सरळ’ कुठे आहे ते सतत कळवत असतात. त्या निरोपात दर पावलाला बारीकशी चूक होते आणि ती साठत जाते. सूर्य, डोंगर, देवळाचा कळस असं लांबचं काही दिसत असलं की डोळे ती चूक दुरुस्त करतात. काही दिसलं नाही, तर मेंदूतलं ‘सरळ’ हळूहळू सरकतं आणि माणसाला वाटतं आपण नाकासमोर चाललोय.

आता हिंगणघाट तालुक्यातलं काळ्या जमिनीचं सपाट रान डोळ्यांसमोर आणा. ढगाळ अमावस्या, डोक्याइतकी वाढलेली तूर, दोन्ही बाजूंना सारखीच पऱ्हाटी. चकव्याला आणखी काय हवं? अलीकडे या गोष्टी कमी ऐकू येतात. माझा आपला अंदाज असा, की चकव्याला मांत्रिकानं घालवलं नाही, मोबाइलच्या टॉवरवरच्या लाल दिव्यानं घालवलं. जुन्या माणसांचा उपायही आठवा: चकवा लागला की चालायचं थांबव, बसून राहा, उजाडू दे. जंगलात वाट चुकलेल्यांना आजचे बचावपथकवालेही हेच सांगतात.

छत्तीसगडात हाच अनुभव एका झाडाच्या नावावर जमा आहे. ‘भूलन’ला पाय लागला की माणूस वाट विसरतो म्हणतात, त्याच नावाच्या छत्तीसगडी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अनुभव एकच. आपल्याकडे त्याचं भूत झालं, तिकडे झाड.

म्हणून अशा गोष्टींचा तपास करताना वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारावी. डावीकडे ‘काय घडलं’, उजवीकडे ‘त्याला काय नाव दिलं’. आपण बहुधा उजवी बाजू ऐकून हसतो किंवा घाबरतो आणि डावी बाजू विचारायचीच राहून जाते.

काही प्रकरणं डाव्या बाजूलाच उरकतात. रात्री आवाज न करता डोक्यावरून गेलेलं पांढरं काहीतरी म्हणजे पुष्कळदा गव्हाणी घुबड. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असतात, त्यामुळे उडताना फडफड ऐकू येत नाही. २०१७ साली विशाखापट्टणममध्ये परग्रहावरचे जीव सापडल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. ती याच घुबडाची पिल्लं निघाली. झोपेत छातीवर बसणारा मुंजाही असाच. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातपाय लुळे करून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नातलं धावणं खाटेवर धावत नाही. कधी जाग आधी येते आणि अंग मागाहून सुटतं. मधल्या त्या क्षणांत माणूस पाहतो, ऐकतो, घाबरतो. हलू मात्र शकत नाही.

पाणाड्याचं प्रकरण इतकं सोपं नाही, कारण तिथे पैसा आहे. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो आणि पाणाड्या म्हणतो, इथे बोअर मार. वहीच्या डाव्या बाजूला लिहायचं: नारळ उभा राहिला. ते खरंच असतं आणि पाणाड्या लबाडच असतो असंही नाही. १८५३ साली लंडनमध्ये मृतात्म्यांनी टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं, तेव्हा मायकेल फॅरडेनं त्याची तपासणी केली. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यानं पुठ्ठ्यांचे थर ठेवले, मऊ लुकणानं एकमेकांना हलके चिकटवलेले. टेबल हात ओढत असेल तर खालचे पुठ्ठे आधी सरकायला हवेत. सरकले वरचे. म्हणजे हात टेबलाला ढकलत होते आणि हातवाल्यांना ते ठाऊक नव्हतं. मग त्यानं हाताची हालचाल दाखवणारा काटा त्यांच्यासमोरच ठेवला, तशी टेबलं गप्प झाली. नारळाचंही तेच. मनात ‘इथे’ असं आलं, की तळहात केसभर कलतो आणि तेवढं पुरतं.

‘पण पाणी लागतं ना?’ लागतं. वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणावर कुजक्या खडकाचा आणि मुरमाचा थर असतो; पावसाचं पाणी त्यात आणि खालच्या भेगांत साठतं. साध्या विहिरीपुरतं पाणी पुष्कळ ठिकाणी मिळतंच, त्यात पाणाड्याचं कौतुक फारसं नाही. शिवाय अनुभवी पाणाडे नाला, उतार आणि झाडं बघूनच बोलतात. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं पाहून पाणी ओळखण्यावर अख्खा अध्याय लिहिला आहे. खरी परीक्षा व्हायची तर झाड आणि उतार काढून घ्यावे लागतात. १९९० मध्ये जर्मनीत कासेल इथे तशी झाली. जमिनीखाली पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. तीसेक पाणाडे आले, सगळे आत्मविश्वासाने. निकाल नाणेफेकीसारखा लागला.

याच काळ्या पाषाणानं समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला एक सुंदर दंतकथा दिली आहे. बाबा फरीद यांच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ आणि माल दगड झाला, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्र म्हणतं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं भरली. इथे मला कोणाची समजूत घालावीशी वाटत नाही. या कथेनं कोणाचं घर जाळलेलं नाही.

भानामती मात्र घर जाळते. विदर्भ-मराठवाड्यात ही प्रकरणं जुनी. घरावर दगड पडतात, घडी घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. १९८२ साली नागपुरात श्याम मानवांनी उभी केलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि नंतर नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र समिती, दोघांच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं घरात बसून सोडवली. पद्धत पोलिसांसारखी आणि त्याहून नाजूक. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलायचं. कधी घडलं, तेव्हा कोण कुठे होतं, सगळ्यात आधी कोणाला दिसलं, घरातलं कोण बाहेरगावी गेलं की प्रकार थांबतात, सगळं टिपून घ्यायचं.

रसायनंही साधी असतात. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो. हवेत तो तीसेक अंश तापमानाला आपोआप पेटतो. वर्ध्याच्या मे महिन्यात घराच्या आतही तेवढा उकाडा सहज असतो. ओल्या कपड्यात ठेवला, तर कपडा वाळेपर्यंत ठेवणारा दूर गेलेला असतो. बिब्ब्याचं तेल लागल्यावर लगेच काही दिसत नाही, फोड काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतात. म्हणून फुली ‘आपोआप’ उमटली असं वाटतं. दोन्हींत हात आणि परिणाम यांच्यामध्ये वेळ जातो. भानामतीचं अर्धं बळ त्या मधल्या वेळात आहे.

हात सापडतो तो बहुतेकदा घरातलाच. शाळा सोडवलेली मुलगी, सासरी घुसमटलेली सून, जिचं बोलणं कोणी ऐकत नाही असं कोणीतरी. म्हणून जाणते कार्यकर्ते नाव गावासमोर फोडत नाहीत. त्या माणसाशी एकांतात बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, घरच्यांना एवढंच सांगतात की आता होणार नाही. मला यातलं हेच सर्वांत शास्त्रीय काम वाटतं, कारण कोण करतं हे कळल्यावर त्यांचा तपास का करतं इथवर जातो. मांत्रिक याच्या उलट करतो: नाव घेतो, तेही शेजारच्या म्हातारीचं. मग मारहाण, बहिष्कार. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कोणावर असा करणीचा आळ घेऊन त्याचं जिणं कठीण करणं गुन्हा ठरलं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

चकव्याचा प्रयोग मात्र कोणीही करू शकतं, शाळेतल्या पोरांनी तर करावाच. सोयाबीन निघालं आणि वावर मोकळं झालं, की सूर्य बुडताना जा. ऊन एका गालाला लागत असलं तर तेही दिशा सांगतं. डोळ्यांवर दुपट्टा बांधा, कानात कापूस घाला, नाहीतर सडकेवरच्या ट्रॅक्टरचा आवाज वाट दाखवतो. खिशातल्या फोनवर मार्ग नोंदवणारं अॅप सुरू ठेवा आणि समोरच्या धुऱ्याकडे सरळ चालायला लागा. दहा जणांच्या दहा रेघा कागदावर उतरवून बघा. प्रत्येकामागे एक जण चालू द्या, त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. फक्त गडी विहिरीकडे वळला तर बखोट धरायचं, कारण आमच्याकडच्या पुष्कळ विहिरींना अजून कठडा नाही.