दूरदेशीच्या कादंबऱ्या (भाग सहावा) : गुपित कुणाच्या तोंडी?

नूक ही ग्रीनलंडची राजधानी असली, तरी तिची वस्ती जेमतेम वीस हजारांच्या आसपास. एवढी माणसं आपल्या सुरतेतल्या लिंबायत-डिंडोलीच्या एखाद्या कोपऱ्यात सहज मावतील. अशा गावात शनिवारी रात्री कोण कुणाबरोबर नाचलं, हे रविवारी गावभर झालेलं असतं. निवियाक कॉर्नेलियुसेन हिची ‘होमो सापिएन’ ही २०१४ सालची कादंबरी याच गावात घडते. लेखिकेचा जन्म १९९०चा; ती वाढली दक्षिण ग्रीनलंडमधल्या नानोर्तालिकमध्ये. ग्रीनलंडिकमध्ये लिहिलेली ही कादंबरी तिने स्वतःच डॅनिशमध्येही आणली.

फिया, इनुक, आर्नाक, इविक आणि सारा अशी पाच तरुण मुलं यात आहेत आणि प्रत्येकाला एकेक प्रकरण दिलेलं आहे. तेच दिवस, त्याच पार्ट्या, मोबाइलवरचे तेच निरोप आपण पाच बाजूंनी वाचतो. फिया मित्राला सोडते आणि साराच्या प्रेमात पडते. आपण मुलगी नाहीच, हे इविकला हळूहळू उमगतं.

मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते इनुकने. एका विवाहित राजकारण्याशी त्याचे संबंध आहेत. ही गोष्ट आर्नाक या मैत्रिणीच्या तोंडून बाहेर पडते आणि इनुकला डेन्मार्क गाठावं लागतं. त्याचा संताप वाचताना आर्नाकचा राग येतो. पुढचं प्रकरण मात्र तिचंच आहे. दारूत बुडालेली ही मुलगी लहानपणी बापाच्या अत्याचाराला बळी पडलेली आहे, हे तिथे कळतं. तिला माफ करावंसं वाटो न वाटो, तिचं म्हणणं ऐकावं लागतंच. पाच निवेदकांची रचना मला म्हणूनच अपरिहार्य वाटते. लहान समाजात गुपित एकट्याचं राहत नाही. ते मित्राकडे, बहिणीकडे, शेजाऱ्याकडे थोडंथोडं असतं.

मराठीत याच्या जवळ जाते सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. मौजेने २००६ साली काढलेली ही छोटी कादंबरी पुण्यातल्या जोशी कुटुंबाची आहे. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि अनुजा या भावंडांचं प्रेम बसतं. आधी तनय सांगतो, मग अनुजा. एका छपराखाली राहून भावाचं दुःख बहिणीला दिसत नाही आणि तिचं त्याला. त्या पाहुण्याला तर कादंबरीभर नावही नाही. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाने २०१३ साली ती मराठीबाहेर गेली.

त्याच वर्षी, ६ ऑक्टोबरला, सुरतेत गुजरातमधली पहिली प्राइड परेड निघाली. दोनच महिन्यांनी, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केलं आणि समलिंगी संबंध परत गुन्हा ठरले. ते ओझं उतरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. लग्नाची मुभा २०२३च्या निकालानेही दिली नाही. ग्रीनलंडमध्ये ती एप्रिल २०१६ पासून आहे.

पण कायदा बदलला म्हणून सुरतेच्या उधन्यातल्या दोन खोल्यांच्या घरात लगेच काही बदलत नाही. मुलगा मार्केटमध्ये कामाला, बाप लूमवर, मामा नंदुरबारला. पोराबद्दल काही कानावर आलं, तर ताप्ती लाइनची गाडी सुटण्याआधी फोनवरून ते खान्देशात पोचतं आणि ‘यंदा मुलगी बघू’ सुरू होतं. या घराची कादंबरी मला वाचायची आहे. ती एकट्या मुलाने सांगून भागणार नाही. त्याचा फोन चोरून पाहणाऱ्या बहिणीचं प्रकरण हवं, आणि सगळं कळूनही ब्र न काढणाऱ्या आईचं तर हवंच हवं.

पुढच्या भागात विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ साली रंगमंचावर आलेलं नाटक घेऊ. त्यात मित्राची, म्हणजे सुमित्राची, गोष्ट आपल्याला बापू सांगतो.