वारुळावरची अळंबी आणि लाल यादी

कबनूरच्या नैर्ऋत्येला, राधानगरीच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वारुळांवर अळंबी (टर्मिटोमायसिस) उगवते. ही बुरशी वाळवी वारुळात पोसते. माणसाला तिची व्यापारी लागवड साधलेली नाही. बाजारात येते ती रानातलीच.

अशा रानातल्या बुरशींनाही धोका असू शकतो. मार्च २०२५मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीतील बुरशींच्या प्रजातींची संख्या १,३०० झाली. त्यांतल्या किमान ४११ धोक्यात आहेत. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत मात्र प्राणी आणि वनस्पतीच आहेत. ही उणीव भरून निघायलाच हवी.

अळंबी दरवर्षी दिसते म्हणून निर्धास्त राहणे बरे नव्हे. छत्री उमलण्याआधीच कळ्या खुडल्या, तर बीजाणू पसरत नाहीत. काही छत्र्या जागेवरच उमलू द्याव्यात, आणि वारूळ तर मुळीच खणू नये.