दोन जाळ्यांमधील एक संगणक

पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील कारखान्यात यंत्रांचे एक अंतर्गत जाळे असते आणि हिशेब, टपाल इत्यादींसाठी इंटरनेटचे दुसरे. दोहोंशी जोडलेला संगणक बहुधा एखादाच असतो. परंतु सगळी चिंता त्याच्याच ठायी एकवटलेली असते.

ही चिंता पोकळ नव्हे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या सुधारणेवाटे ‘नॉटपेट्या’ हा उपद्रव पसरला आणि अंतर्गत जाळ्यांतून धावत मर्स्क कंपनीपर्यंत पोहोचला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्याचे कामही त्यामुळे खोळंबले. उपद्रव विंडोजवरचा होता हे खरे. पण म्हणून लिनक्सवाल्यांनी निश्चिंत राहू नये. संसर्गाला वाट मिळते ती जोडणीतून.

माहितीचे प्रत्येक पुडके कोठे धाडावे हे लिनक्सचा गाभा मार्गसूचीवरून ठरवितो. पत्त्याशी सर्वांत नेमकी जुळणारी नोंद मान्य होते. एकही न जुळल्यास ‘डिफॉल्ट रूट’, म्हणजे सर्वसाधारण वाट. ही नोंदच काढून टाकली की अंतर्गत जाळे चालू राहते आणि बाहेरचे जग दिसेनासे होते. उपाय सोपा, म्हणूनच फसवा. आयपीव्ही-४ ची वाट बंद करणारे पुष्कळदा आयपीव्ही-६ ची विसरतात आणि राउटरची घोषणा ऐकून संगणक ती आपणच आखून घेतो.

म्हणून खरा पहारा ‘एनएफटेबल्स’चा. २०१४ सालच्या ३.१३ आवृत्तीपासून तो गाभ्यातच आहे. बाहेर जाणारे सर्व अडवावे आणि अंतर्गत जाळ्याचे पत्ते तेवढे मोकळे सोडावेत. सुधारणा उतरवून घेणाऱ्या एखाद्याच खात्याला बाहेर जाऊ देण्याचीही सोय त्यात आहे. क्रम मात्र सांभाळावा: दुरून काम करणाऱ्याने आधी स्वतःच्या जोडणीस परवानगी द्यावी, मगच दार लावावे, उलट केल्यास कारखान्यापर्यंतचा प्रवास घडतो.

याहून महत्त्वाची, पण सहसा दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे एका जाळ्यातील पुडके दुसऱ्यात सोडण्याची सोय. ती लिनक्समध्ये मुळात बंद असते. पण डॉकरसारखी प्रणाली बसविताच उघडते आणि साधा संगणक नकळत राउटर होऊ शकतो. तेव्हा ‘आयपी फॉरवर्ड’चा आकडा शून्य आहे ना, हे प्रत्येक नव्या प्रणालीनंतर पाहावे, डॉकर भागच असेल, तर दोन जाळ्यांमधील वाहतूक ‘फॉरवर्ड’ साखळीतच नाकारावी. आणि ही पडताळणी संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावर करावी. हाताने दिलेले आणि न साठविलेले नियम तोवरच टिकतात.